मायाने मनीषाचं मोनिशा केलं, आणि सासूबाईंनी रिमोटचं बटण दाबलं

पारिजात_७ :

ऑक्टोबर २०२५ मध्ये सतीश शाह गेले, तेव्हा सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला जेमतेम दहा दिवस झाले होते. सकाळी व्यायाम करून घेणारी मुलगी येऊन जायची. मग दिवसभर त्या पलंगावर आणि मी शेजारच्या खुर्चीत लॅपटॉप घेऊन घरूनच काम करत. बातमी ऐकून म्हणाल्या, "'ये जो है जिंदगी'मध्ये दर वेळी वेगळाच माणूस होऊन यायचा, तोच ना हा?" दूरदर्शनवरची ती १९८४ ची मालिका त्यांनी शेजाऱ्यांच्या घरी खाली बसून बघितलेली. मी म्हटलं, त्यांचं अजून एक काम दाखवते तुम्हाला, आणि 'साराभाई व्हर्सेस साराभाई' पहिल्या भागापासून लावली.

ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबईत कफ परेडला राहणारं श्रीमंत गुजराती कुटुंब. माया (रत्ना पाठक शाह) उच्चभ्रू, नीटनेटकी, काट्याचमच्यातली. नवरा इंद्रवदन (सतीश शाह) खोडकर. मोठा मुलगा साहिल (सुमीत राघवन) कॉस्मेटिक सर्जन, धाकटा रोसेश (राजेश कुमार) नट आणि कवी. आणि सून मोनिशा (रूपाली गांगुली), नोएडाच्या मध्यमवर्गीय घरातली, जिला एकावर एक फुकट मिळालं की दिवस सोन्याचा वाटतो. सून आणि सासू समोरासमोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. २००४ मध्ये स्टार वनवर सुरू झालेली ही मालिका २००६ मध्ये संपली. तेव्हा फार कुणी बघितली नाही. लोकांनी डोक्यावर घेतली ती नंतर.

तर मोनिशाचं खरं नाव मनीषा. मायाला ते फार सामान्य वाटतं, म्हणून तिने सुनेचं नाव मोनिशा केलेलं असतं. तो उल्लेख आला आणि सासूबाईंनी रिमोट उचलून चित्र थांबवलं. माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझं नाव बदललं तेव्हा तुला काय वाटलं होतं गं?"

आमचं लग्न २००६ चं. गृहप्रवेश झाला, लक्ष्मीपूजन झालं, ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात नाव लिहिलं. मी वाकून वाचलं. माझं नाव काय आहे ते मला तेव्हा कळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले, मीही हसले. फोटोत हसतेच आहे.

मी सासूबाईंना म्हटलं, "काही नाही वाटलं." एकोणीस वर्षं हेच उत्तर देत आलेय, सगळ्याच प्रश्नांना. त्यांनी मालिका पुन्हा सुरू केली. पुढचे दोन भाग झाले. मोनिशा मायाला फाडफाड उत्तर देत होती, माया तिला 'मिडल क्लास' म्हणत होती, दोघींपैकी एकीच्याही पोटात काही शिल्लक राहत नव्हतं. मग मीच लॅपटॉप मिटला आणि म्हटलं, "खूप वाईट वाटलं होतं. आईने मला त्या नावाने हाक मारली असती तर मी ओ दिली नसती, असं वाटलं होतं."

तुम्हाला सगळ्यांना विचारायचंय ते हे. आमच्या घरात कधी आवाज चढला नाही. पाहुणे म्हणतात, घर कसं शांत आहे. "चालेल ना तुला?" "हो, चालेल की." एवढ्यावर आमची एकोणीस वर्षं गेली. २००४ मध्ये दुसऱ्या वाहिन्यांवरच्या सासवा कोपऱ्यात उभ्या राहून मनातल्या मनात कट करायच्या आणि समोर गोड बोलायच्या. माया जे काही आहे ते तोंडावर बोलते. मला आता वाटतं की आमचं शांत घर त्या कट करणाऱ्या घरांच्या जवळचं होतं. कट नव्हता, पण न बोलणं तेवढंच होतं.

तुमच्या घरातल्या नात्यांबद्दल या मालिकेने तुम्हाला काही शिकवलं का? मोकळेपणाने लिहा.


सहा_सतराची_लोकल :

पारिजातताई, धागा वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

सगळे माया आणि मोनिशाबद्दल बोलतात. मला साहिलबद्दल लिहायचंय. साहिल शहाणा आहे, समंजस आहे, आईवरही प्रेम करतो आणि बायकोवरही. प्रत्येक भागात दोघींच्या मध्ये उभा राहतो. मी लग्नानंतर पहिली आठ वर्षं स्वतःला साहिल समजत होतो. "मला मध्ये घेऊ नका, तुम्ही दोघी बघून घ्या" हे माझं वाक्य. त्याला मी समतोल म्हणायचो.

परत बघताना लक्षात आलं की साहिल असा नाहीच. तो मध्ये असतो याचा अर्थ तो खोलीत असतो. आई काही बोलली की आईला तिथल्या तिथे टोकतो. बायको चुकली की तिलाही सांगतो, आणि तेही तिच्यासमोर. पेपर घेऊन गॅलरीत जात नाही. मी गॅलरीत जायचो. आमच्या डोंबिवलीच्या घरात गॅलरी म्हणजे चार फूट, दार लावलं तरी आतलं सगळं ऐकू यायचं. ऐकू येतंय हे बायकोला माहीत होतं. तिने नंतर एकदा सांगितलं, आई काय बोलल्या ते मी विसरले, पण तू दार लावून घेतलंस तो आवाज लक्षात आहे.

आता मी आत थांबतो. नेहमी योग्य बोलतो असं नाही. कधी दोघी मिळून मलाच ओरडतात. पण खोलीत असतो.


वऱ्हाडी_ठेचा :

मी जरा वेगळं बोलणार हाय, राग मानू नका.

मला ही मालिका बघताना हसू येते आणि पोटात खड्डाही पडते. मी यवतमाळची. लग्न होऊन पुण्यात आली. पहिल्या आठवड्यात मी "भाजी करून राहिली" म्हटलं तर सासरच्या सगळ्यायनं एकमेकांकडे बघितलं. नंतर नणंदेच्या मैत्रिणी आल्या की मला बोलावून घेत, "वहिनी, ते बोला ना परत." वाईट मनानं नव्हतं ते. पण सहा महिन्यांत मी घरात बोलायची तेव्हा आधी मनात वाक्य पुण्याचं करून घ्यायची. माहेरी फोन केला की आई विचारे, "काहून वं, अशी परक्यावानी काहून बोलते?"

माया मोनिशाला मिडल क्लास म्हणते ते आपण विनोद म्हणून घेतो. पण पारिजात, तुमच्या घरात शांतता होती तशी माझ्या घरात माया होती. तोंडावर बोलणारी. तोंडावर बोललं की सगळं साफ होते हे मला पटत नाही. बोलणाऱ्याच्या पोटातलं साफ होते, ऐकणाऱ्याच्या पोटात जाऊन बसते.


पारिजात_७ :

वऱ्हाडी ठेचा, राग कसला. तुमचं वाचून मी माझं वरचं लिखाण पुन्हा वाचलं. मी माया आणि मोनिशाला एकाच पारड्यात टाकलं, ते चुकलंच. शांतता मोडायला सासूबाईंनी सुरुवात केली म्हणून मला बोलता आलं. हातात रिमोट त्यांच्या होता.

तरी एक विचारते. मोनिशाला कधी लाज का वाटत नाही? माया इतकं बोलते, पण मोनिशा स्वतःला कमी समजत नाही. ते कशामुळे असेल?


वऱ्हाडी_ठेचा :

इंद्रवदनमुळे.

मी हे दिवसभर मनात घोळवलं. मोनिशाच्या अंगावर बोलणं बसत नाही कारण सासरा तिच्या बाजूने हाय. माया तिला बोलली की तो मायाची टोपी उडवते. घरातला सगळ्यात मोठा माणूस तिच्यासोबत बसून चिवडा खाते. माया एकटी मोनिशावर हसत असती तर ती छळाची गोष्ट झाली असती. तिथे मायावरही हसतात. माझ्या सासरी माझ्यावर हसायचे सगळे, पण माझ्यासोबत हसणारं कोणी नव्हतं. एक माणूस लागते फक्त. सहा नाही, एक.


ओसरी :

मी या संकेतस्थळावर वाचतोच फक्त, लिहीत नाही. वय ६९. वरचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही.

ताई, तुम्ही जो एक माणूस म्हणता, तो आमच्या घरात मी होऊ शकलो असतो. आमची सून नाशिकची, एका कंपनीत हिशेब बघते. पहिली पाच वर्षं तिच्यात आणि आमच्या हिच्यात स्वयंपाकघरातल्या डब्यांवरून धुसफूस चालायची. मसाल्याचा डबा कुठे, पोळ्यांचा कुठे, मिसळणाचा कुठे. मला वाटायचं, बायकांचं आहे, सासऱ्याने सुनेच्या कामात बोलणं शोभत नाही. आमच्या वडिलांच्या काळी सासरे सुनेशी बोलतच नसत. तीच मर्यादा मी धरून बसलो. मर्यादेचा उपयोग मला होता, तिला काहीच नव्हता.

टाळेबंदीत मुलाने हीच मालिका लावली. संध्याकाळी आम्ही चौघे बघायचो. इंद्रवदन मोनिशाशी जसा वागतो तसा कुठलाही सासरा मी आयुष्यात बघितला नव्हता. तो तिचा वकील होत नाही हे मला महत्त्वाचं वाटलं. तिच्या वतीने भांडत बसत नाही, तिच्यासाठी मायाला शिकवणी देत नाही. तिच्या शेजारी जाऊन बसतो एवढंच. एके दिवशी मी स्वयंपाकघरात गेलो आणि सुनेला म्हटलं, मला दाखव बरं कुठला डबा कुठे आहे, मी चहा करतो. तिने दाखवलं. हिनेही ऐकलं. त्यानंतर डबे सुनेने ठेवले तिथेच राहिले, कारण आता ते मलाही पाठ होते. साखर आता कुणी हलवली तर मीच विचारतो.

मात्र एका बाबतीत मला इंद्रवदन आवडत नाही. रोसेशला तो फार टाकून बोलतो. प्रत्येक भागात. मुलाच्या आवाजावर, कवितेवर, चालण्यावर. सुनेला जो जिव्हाळा दिला तो धाकट्याला दिला नाही. हसताना हे विसरतो आपण.


कवितांची_वही :

ओसरी काका, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी घरातला रोसेश आहे. नाटक करतो, कविता लिहितो, एकतीस वर्षांचा आहे आणि अजून दर महिन्याला पगार येईल असं काही नाही.

रोसेशच्या कविता वाईट आहेत हे मलाही कळतं. त्या तशाच लिहिलेल्या आहेत. पण मायाला त्या वाईट वाटत नाहीत. तीच माया, जिला सुनेचा पडदा, बशी, नाव, काहीच चांगलं दिसत नाही, ती धाकट्याच्या प्रत्येक ओळीला दाद देते. लोक म्हणतात, आईने लाडावून ठेवलंय. मी दुसऱ्या बाजूने बघतो. बाप रोज पाडतो आणि आई रोज उचलते, म्हणून तो रोज उठून पुन्हा लिहितो. बाप हसतो म्हणून तो कविता लपवत नाही, बापासमोरच म्हणतो.

आमच्याकडे आई कविता वाचत नाही. पण एकांकिका स्पर्धेच्या वेळी ती शेवटच्या रांगेत येऊन बसते आणि पडदा पडायच्या आत निघून जाते, बाबांना कळू नये म्हणून. मला मात्र दिसते. विंगेतून शेवटची रांग नीट दिसते.


हडसनकाठ :

न्यू जर्सीहून. घरांबद्दल कुणी बोललं नाही अजून, म्हणून लिहिते.

समोरासमोरचे दोन फ्लॅट! मला वाटतं अर्धी मालिका त्या दोन दारांवर चालते. माया येते, बोलते, आणि मग तिच्या घरी जाते. मोनिशाला स्वतःचं दार आहे. रात्री ते बंद होतं आणि आत तिचा पसारा तिच्या पद्धतीने पडलेला असतो. भांडण कितीही झालं तरी दोघींना पाठ फिरवून जायला जागा आहे, आणि सकाळी परत यायला अंतर फक्त पाच पावलांचं.

इथे आमच्याकडे सासूसासरे येतात ते सहा महिन्यांसाठी. व्हिसावर एका वेळी साधारण तेवढंच राहता येतं, आणि तिकीट इतकं महाग की कमी दिवसांसाठी येणं परवडत नाही. म्हणजे सहा महिने एकाच छताखाली, बाहेर बर्फ, त्यांना गाडी चालवता येत नाही, मला घरातून बाहेर पडता येत नाही. मग सहा महिने काहीच नाही, फक्त रविवारचा व्हिडिओ कॉल. एकतर अंगावर, नाहीतर आठ हजार मैल लांब. पाच पावलांचं अंतर आम्हाला कधी मिळालंच नाही.

गेल्या वेळी आम्ही तळघरातली खोली नीट करून दिली. लहान शेगडी, चहाचं सामान, त्यांचा त्यांचा टीव्ही आणि दाराला आतून कडी. नवऱ्याला वाटलं आईबाबांना वाईट वाटेल, वेगळं काढल्यासारखं. पहिल्या दिवशी सासूबाईंनी आत जाऊन कडी लावून बघितली. मग उघडली, परत लावली. वर येऊन म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून माझी अशी खोली नव्हती." दादरच्या दोन खोल्यांत सात माणसांत त्यांचा संसार झाला. मी इतकी वर्षं माझ्या दाराचा विचार करत होते. त्यांनाही दार नव्हतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.


तांदूळनिवडी :

मूळ विषय नावाचा आहे, त्यावर येते. मी लग्नं लावून देणाऱ्या कुटुंबातली आहे. वडील आणि आता भाऊ पौरोहित्य करतात.

तांदळात नाव लिहिणं हा आपल्याकडे लाडका भाग आहे, फोटो सगळ्यात जास्त त्याचेच काढतात. पण विवाहविधीतल्या कन्यादान, विवाहहोम, सप्तपदीसारखं ते विवाहाचं आवश्यक अंग नाही. केलं नाही म्हणून लग्न अपुरं राहत नाही. कायद्यानेही लग्नानंतर बाईने पहिलं नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असं बंधन नाही. पहिलं नाव कागदोपत्री बदलायचंच असेल तर सहसा राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावं लागतं, आणि मग बँक, पॅन, पासपोर्ट सगळीकडे धावपळ. मोठी गंमत म्हणजे तांदळातलं नाव अनेकींच्या बाबतीत कागदावर कधी येतच नाही. कागदावर जुनं पहिलं नाव आणि नवं आडनाव, घरात नवं नाव, माहेरी जुनं. एकाच बाईची तीन.

भाऊ आता लग्नाआधीच्या बैठकीत मुलीला विचारतो, मुलाला किंवा सासूला नाही, की नाव ठेवायचं का. बऱ्याच मुली नको म्हणतात. मग ताटात तिचंच मूळ नाव लिहितात. ताट आहे, तांदूळ आहेत, अंगठी आहे, फोटोही तसाच निघतो. एका मुलीने मात्र आवर्जून बदलून घेतलं. लहानपणापासून नकोशी म्हणून ठेवलेलं नाव होतं तिचं. तिने स्वतः निवडलेलं नाव नवऱ्याने लिहिलं, तेव्हा ती इतकी रडली की मंडपातल्या बायका चपापल्या. म्हणून मी बदलणं वाईट असं म्हणणार नाही. विचारलं की नाही, एवढंच बघते.

मायाने मनीषाला विचारलं नव्हतं.


सहा_सतराची_लोकल :

तांदूळनिवडी, माहितीसाठी मनापासून आभार. माझ्या बायकोला मी नाव बदलायचं का हे विचारलं होतं याचा मला अभिमान होता. काल तिला सांगितलं तर म्हणाली, "विचारलंस, पण पत्रिका छापून झाल्यावर."


हडसनकाठ :

एक वेगळा मुद्दा सुचला. रूपाली गांगुली २०२० पासून 'अनुपमा' करते. श्रीमोयी या बंगाली मालिकेवरून ती आली, आपली 'आई कुठे काय करते'ही त्याच गोष्टीची. तिथे घरासाठी सगळं गिळत बसणारी बाई, इथे मोनिशा. तीच अभिनेत्री. माझ्या आईला अनुपमा आवडते, मला मोनिशा. आईला विचारलं का, तर म्हणाली, अनुपमा माझ्यासारखी आहे. मी म्हटलं, आणि मोनिशा? तर म्हणाली, "ती मी झाले असते, कुणी होऊ दिलं असतं तर." यावर पुढे आम्ही दोघी काही बोललो नाही. फोन चालू ठेवून ती भाजी निवडत राहिली, मी भांडी लावत राहिले.


वऱ्हाडी_ठेचा :

हडसनकाठ, तुमच्या आईले माझा नमस्कार सांगा.

आणि एक सांगते. हा धागा मी नणंदेला पाठवला. तिच्या मैत्रिणींचं लिहिलेलं वाचून तिने फोन केला, बराच वेळ गप्प होती. मग म्हणे, "वहिनी, आम्हाला वाटायचं तुम्हाला आवडतं." मी म्हटलं, मी हसत होती न, म्हणून वाटलं असंल. तिच्यावर राग नाही माझा, तेव्हा ती एकोणीस वर्षांची पोरगी होती. आता तिची स्वतःची सून यायची हाय पुढच्या वर्षी. मुलगी नांदेडची हाय. नणंद विचारत होती, तिकडे कोणत्या शब्दाला काय म्हणतात ते आधीच शिकून घेऊ का. मी म्हटलं, शिकू नको, तिला बोलू दे आणि ऐक. नाही समजलं तर विचार. हसू आलं तर तिच्याकडे बघून हास, दुसऱ्याकडे बघून नको हासू.


ओसरी :

"दुसऱ्याकडे बघून नको हासू." हे मी आमच्या हिला वाचून दाखवलं.

कवितांची वही, तुमची पुढची एकांकिका पुण्यात असेल तर इथे कळवा. आम्ही दोघे येऊ. पडदा पडेपर्यंत बसू.


पारिजात_७ :

सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मी सगळे सासूबाईंना वाचून दाखवले, गुडघ्याचा व्यायाम चालू असताना. तळघरातल्या कडीचा भाग त्यांनी दोनदा वाचायला सांगितला.

राहिलेलं सांगते. मी वाईट वाटलं होतं म्हटल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नव्हत्या. मला वाटलं दुखावल्या. रात्री जेवताना अचानक म्हणाल्या, गुरुजींनी अक्षर काढून दिलं होतं, त्यावरून नाव मी निवडलं, कारण मला ते माझ्यासाठी हवं होतं. मला कळेना. मग सांगितलं. १९७४ मध्ये त्यांचं लग्न झालं तेव्हा सासरी त्यांच्या माहेरच्या नावाची जाऊ आधीच होती. एका घरात एका नावाच्या दोघी नकोत, म्हणून यांचं बदललं. नवं नाव एका मावशीबाईंनी सुचवलं, ते त्यांना अजिबात आवडलं नाही. मला ठेवलेलं नाव त्यांना तेव्हा हवं होतं. ते मिळालं नाही म्हणून बत्तीस वर्षं जपून ठेवलं आणि मला दिलं. त्यांच्या मते ती त्यांनी मला दिलेली सगळ्यात चांगली गोष्ट होती.

मी ते नाव एकोणीस वर्षं अंगावर काट्यासारखं वागवलं आणि त्या ते उच्चारताना दर वेळी खूश होत होत्या. दोघींनी एकमेकींना सांगितलं नाही.

त्यांचं माहेरचं नाव माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. त्याच्या पन्नाशीत त्याला ते कळलं. ते इथे लिहीत नाही, त्यांनी लिहू नकोस म्हटलंय. त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. थोरला भाऊ होता, तो २०२१ मध्ये कोरोनात गेला.

काल संध्याकाळी वॉकर घेऊन त्या पहिल्यांदा दिवाणखान्यापर्यंत चालत गेल्या. मी मागे होते. दाराशी थोड्या अडखळल्या, आणि माझ्या तोंडून त्यांचं माहेरचं नाव निघालं, "जपून" असं म्हणताना. अहो आई म्हणायची सवय, पण निघालं ते नाव. त्या थांबल्या. वळता येत नव्हतं, म्हणून वळल्या नाहीत. म्हणाल्या, "परत म्हण."

आज दुपारी पुढचे भाग बघायचे आहेत. त्यांना मालिकेतले मधुसूदन फूफा आवडतात. नीट ऐकू येत नाही म्हणून सगळं परत विचारतात ते.